जतनमावशीकडे किल्ली आहे

जतनमावशीची माझी ओळख भांडणानं झाली. माझी थोरली बहीण, कमलअक्का, जळगावला पिंप्राळ्यात राहायची. एकदा भर वैशाखात मी धुळ्याहून न कळवता तिच्याकडे गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, किल्ली समोर जतनमावशीकडे आहे. समोर एसटीडी बूथ होता आणि त्यात पांढऱ्या साडीतली, जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक मारवाडी बाई बसली होती. तिच्या डोक्यामागं भिंतीवर एक फळी, फळीला खिळे आणि खिळ्यांना गल्लीभरच्या घरांच्या किल्ल्या. मी म्हटलं, मी कमलबाईंचा सख्खा भाऊ हिलाल, किल्ली द्या. ती म्हणाली, कमलबाई मला सांगून गेलेल्या नाहीत. मी गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, भाच्यांची नावं सांगितली, तरी ढिम्म. वर मला माठातलं पाणी दिलं, स्टूल दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, पण किल्ली काही दिली नाही. अक्का बाजारातून येईपर्यंत मी तिथं धुमसत बसलो होतो.

मी तसा तापट माणूस. अक्कापाशी खूप बडबड केली. अक्का हसत म्हणाली की अरे, म्हणून तर आम्ही किल्ल्या तिच्याकडे ठेवतो. गल्लीतली प्रत्येक बाई बाहेर जाताना किल्ली त्या फळीला अडकवायची आणि कुणाला द्यायची ते सांगून जायची. मावशीच्या स्वतःच्या घराची किल्ली मात्र अक्काकडे असायची. आपली किल्ली आपल्याच कनवटीला असली तर ऐनवेळी आपण नसताना घराचं काय, असं तिचं म्हणणं.

नवरा, केवलचंदजी, गेल्यावर सासरच्यांनी तिला सांगितलं होतं की बूथ बंद करा आणि सुखानं घरी बसा. सासरची कापडाची मोठी पेढी होती, खायला काही कमी नव्हतं. पण या बाईला घरी बसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. ती म्हणाली, घरी बसून मी भिंतींशी बोलू का? बोलायला तिला माणसं लागायची, आणि बूथमध्ये ती दिवसभर मिळायची. एखाद्या बाईनं मुलाला फोन लावून तो चटकन ठेवला तर ही विचारायची, एवढंच बोललीस? आणि फोन परत लावायला लावायची.

नव्व्याण्णव साली तिनं दुकानावर पाटी लावली, ‘ई-मेल येथे मिळेल’, आणि मग मला निरोप धाडला. पाटी आधी, यंत्र मागाहून. मी तेव्हा धुळ्यात एका कॉलेजची संगणक प्रयोगशाळा सांभाळायचो, हे अक्कानं तिला सांगून ठेवलेलं. मी एक जुना संगणक कमी भावात मिळवून दिला आणि त्यावर लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं. ते मासिकांबरोबर सीडीवर फुकट यायचं आणि गरीब यंत्रावरही नीट चालायचं. बूथच्याच फोनलाईनला मोडेम जोडला. दिवसातून दोनदा यंत्र मुंबईला फोन लावायचं, किरकिर करायचं आणि गल्लीचं टपाल आत ओढून घ्यायचं.

मावशी त्या यंत्रावर माझ्यापेक्षा जास्त हुकमत गाजवू लागली. मुलगा पुण्यात, जावई मस्कतला, भाचा कलकत्त्याला, अशा साऱ्या घरांच्या बायका तिच्याकडे यायच्या. ती त्यांच्या तोंडचं ऐकून इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची, आणि शेवटी न विचारता स्वतःची ओळ जोडायची: ‘पुढच्या वेळी जास्त लिही. आईला तीन ओळी पुरत नाहीत. जतनमावशी.’ आलेला मजकूर मात्र मोठ्यानं कधी वाचायची नाही. जिचा असेल तिला शेजारी बसवायची, स्वतःचा पदर आडवा धरायची आणि कानात सांगायची. बाकीच्यांनी कितीही माना लांब केल्या तरी ऐकू यायचं नाही. एकीचा निरोप दुसरीच्या तोंडून जाता कामा नये, हा तिचा कायदा होता.

यंत्रातही मी तिच्या फळीसारखीच व्यवस्था केली होती. लिनक्समध्ये एक मालक असतो, त्याला रूट म्हणतात. त्याला सारं काही करता येतं. बाकीच्यांना आपापल्या खोलीपुरतंच. मावशीला मी ‘सुडो’ दिला होता, म्हणजे एखादं काम तेवढ्यापुरतं मालकाच्या नावानं करायची मुभा. मुंबईला फोन लावायचं काम अशा मुभेशिवाय व्हायचं नाही. मुभा कुणाकुणाला आहे त्याची एक छोटी यादी यंत्राच्या पोटात असते. आणि खुद्द मालकाचा पासवर्ड? तो मी तिला सांगू लागलो तर तिनं कानांवर हात ठेवले. म्हणाली, आमच्या पेढीच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक थोरल्याकडे, एक धाकट्याकडे, दोघं आल्याशिवाय ती उघडत नाही. तसं कर. मग अर्धा पासवर्ड मी टाइप केला, तेव्हा तिनं तोंड फिरवलं. उरलेला अर्धा तिनं टाइप केला, तेव्हा मला रस्त्याकडे बघायला लावलं. मी मनात म्हटलं, काय बाई आहे!

तिच्या गिऱ्हाइकांत पारोळ्याकडच्या एका खेड्यातली भिकुबाई होती. तिचा झुलाल मालवाहू जहाजावर खलाशी. दोन वर्षं त्यानं घराचं तोंड पाहिलं नव्हतं. जहाजावरून फोन करणं त्याला झेपायचं नाही, पण कप्तानाच्या ऑफिसातून दोन ओळींचा ई-मेल पाठवू द्यायचे. त्या भाद्रपदात त्याच्या दोन ओळी आल्या: जहाज या आठवड्यात मुंबईला लागेल, एकच दिवस थांबेल, दिवस कळला की कळवतो, गोदीच्या फाटकावर ये. झालं. भिकुबाई रोज एसटीनं जळगावला येऊ लागली. सोबत मुलासाठी बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पिशवी, कारण निरोप मिळाला की तिथूनच स्टेशनवर जायचं होतं. संध्याकाळपर्यंत बूथच्या पायरीवर बसायची आणि शेवटच्या गाडीनं परत जायची.

नेमकं त्याच आठवड्यात जैनांचं पर्युषण आलं. मावशीनं अठ्ठाई धरली, म्हणजे आठ दिवस उकळून गार केलेल्या पाण्याखेरीज पोटात काही नाही. तिला ते नवं नव्हतं. पण त्या वर्षी तिनं आठ दिवसांचं मौनही धरलं. ही बातमी ऐकून पिंप्राळ्यात लोक पैजा लावायला निघाले होते, असं अक्का सांगते. स्थानकातल्या, म्हणजे जैनांच्या प्रार्थनागृहातल्या, बायका तर तिच्या तोंडावर हसल्या. त्यामुळे मावशी हट्टाला पेटली. ती नियम घेतला की मोडत नसे, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवत असे. सुरुवातीचे दिवस ती दुपारी स्थानकातून येऊन, तोंडातून शब्द न काढता, यंत्र मुंबईला जोडून जायची. शेवटचे दोन दिवस तिला पूर्ण वेळ स्थानकात बसायचं होतं. तेव्हा बूथ अक्का सांभाळणार होती.

अक्कानं आदल्या दिवशी स्वतःच्या नावानं यंत्र जोडून पाहिलं, तर यंत्र म्हणालं, परवानगी नाही. मावशीला तो अपमान वाटला. कमलबाईला माझ्या दुकानात परवानगी नाही? मी तिला कधीतरी शिकवलं होतं की यंत्रातला एखादा कागद, म्हणजे फाइल, सगळ्यांना उघडता यावा असं वाटलं तर अमुक हुकूम द्यायचा, त्यात तीनदा सात लिहायचा आणि पुढं कागदाचं नाव. मावशीनं विचार केला की फोन लावणारा कागद नेमका कुठला ते शोधत बसण्यापेक्षा आख्खं घरच मोकळं करावं. बाहेरच्या दाराला कुलूप असतं ते ठीक, पण घराच्या आत कुणी कुलपं लावतं का? तिनं कागदाच्या नावाऐवजी नुसती तिरकी रेघ लिहिली, म्हणजे यंत्राचं मूळ, ज्याच्या पोटात बाकी बठ्ठं, सगळं काही, येतं. स्वतःच्या मुभेनं हुकूम दिला. यंत्र बराच वेळ आतल्या आत कुरकुरलं. मग मावशीनं चिठ्ठीवर लिहिलं, ‘आता तुला चालेल’, ती अक्काच्या हातात दिली आणि समाधानानं स्थानकात निघून गेली.

दुपारी माझ्या कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. अक्काचा आवाज रडवेला. यंत्र मुंबईला लागत नव्हतं. तिनं मावशीला स्थानकातून बोलावून आणलं होतं, पण मावशीच्या नावानंही ते ऐकेना. आणि भिकुबाई सकाळपासून पायरीवर होती. आठवड्याचे बरेच दिवस उलटले होते, निरोप आला असणार, तो मुंबईच्या मोठ्या यंत्रात पडून असणार, आणि मुंबईची गाडी संध्याकाळी होती. आज निरोप मिळाला नाही तर जहाज येऊन निघून जाईल.

मी म्हटलं, पडद्यावर काय लिहिलंय ते वाच. अक्का सातवी शिकलेली. इंग्रजी वाक्य तिला कळायचं नाही, पण अक्षरं यायची. एकेक अक्षर ती सांगत गेली, मी कागदावर उतरवत गेलो. शेवटी आकडे आले. सात, सात, सात.

माझं डोकंच फिरलं. मुभेची ती छोटी यादी सगळ्यांना उघडी झाली होती, आणि त्यावर आता कुणीही येऊन स्वतःचं नाव लिहू शकलं असतं. अशा यादीवर यंत्र विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच आहे. ते कुणालाच मुभा देईना. सगळ्यांसाठी सगळं उघडायला गेली आणि मावशी स्वतःच बाहेर राहिली. मी फोनवर ओरडलो, की हा उद्योग कुणी केला, त्या बाईला फोनवर बोलव आधी. अक्का हळूच म्हणाली, "भाऊ, त्या बोलणार नाहीत. त्यांचं मौन शे."

आता घ्या! उपाय तसा एकच होता. थेट मालकाच्या नावानं आत जायचं. मालकाला कुणाच्या मुभेची गरज नसते. पण मालकाचा अर्धा पासवर्ड धुळ्यात माझ्या डोक्यात आणि अर्धा जळगावात एका मुक्या बाईच्या डोक्यात. माझा अर्धा मी अक्काला सांगितला असता, पण मागून कसला तरी ठोकल्याचा आवाज आला. अक्का म्हणाली, मावशी मान हलवतायत, किल्ली मधल्या माणसाच्या हातून नको म्हणतायत. मग अक्कानंच तोड काढली. फोन मावशीच्या कानाला लावायचा, मी बोलायचं, आणि मावशीनं अंगठी फोनवर ठोकायची. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा.

आयुष्यात मी बरीच यंत्रं फोनवरून दुरुस्त केली, पण अशी एकही नाही. मी विचारलं, "मावशी, तुम्ही तिरकी रेघ टाकून बठ्ठं उघडलं का?"  मग एक ठोका, अगदी हळू. त्या एका ठोक्यानं माझा राग कुठल्या कुठं पळाला. सात दिवस तोंड बंद ठेवलेली, पोटात अन्न नसलेली ती बाई हातात फोन धरून गुन्हा कबूल करत होती.  माझा आवाज मलाच ओळखू येईना इतका मऊ झाला. मी म्हटलं, काही बिघडलं नाही, आपण करू.

मग आमचं सुरू झालं. आता बाहेर पडा. ठोका. नाव विचारतंय का? ठोका. मालकाचं नाव लिहा. ठोका. मग मी माझ्या अर्ध्या किल्लीची अक्षरं सांगितली, एकेक, ठोका ऐकून पुढचं. ऑफिसातला क्लार्क माझ्याकडे बघत होता, त्याला वाटलं याला काहीतरी झालंय. शेवटी मी म्हटलं, आता तुमचा अर्धा भाग टाका. मी ऐकत नाही. मी खरोखरच खिडकीकडे तोंड केलं, जणू धुळ्यातून मला काही दिसणार होतं. बटणांचा आवाज ऐकू आला. मग लागोपाठ दोन ठोके. नाही. कुठंतरी अक्षर चुकलं होतं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा माझी अक्षरं, पुन्हा खिडकी, पुन्हा बटणं. आणि मग एक ठोका पडला, असा खणखणीत की माझा कान दुखला.

यादी आणि बाकी पसारा दुरुस्त करायला बराच वेळ लागला असता, ते नंतर बघता येणार होतं. मी सांगितलं, आता मालकाच्याच नावानं मुंबईला जोडा. एवढं म्हणालो आणि लक्षात आलं की मोडेमला हीच फोनलाईन लागणार. म्हणजे फोन ठेवावा लागणार. मी म्हटलं, मावशी, हुकूम द्या, लगेच फोन ठेवा, आणि काय झालं ते मला कळवा. एक ठोका आला आणि फोन बंद झाला.

मी त्या फोनशेजारी बसून राहिलो. क्लार्कनं कपाटं बंद केली, शिपाई झाडून गेला. फोन काही आला नाही. मीच इकडून लावला, तर नुसतीच रिंग. शेवटी त्यांनी ऑफिसला कुलूप लावलं. घरी जेवताना मी बायकोला सारं सांगितलं. बायको म्हणाली, कोण ती भिकुबाई, आपल्या कोण लागतात त्या? मी तिच्यावर खेकसलो.

सकाळी पहिली एसटी धरून पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. बूथला कुलूप. संवत्सरी, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, मावशी स्थानकात. बूथची किल्ली अक्काकडे होती, आणि या वेळी ती माझ्यासाठी सांगून ठेवलेली होती. आत गेलो तर यंत्र रात्रभर तसंच चालू, मालकाच्या नावानं सताड उघडं. मी कपाळाला हात लावला. अक्का चहा घेऊन आली आणि तिनं सगळं सांगितलं.

यंत्र मुंबईला लागलं होतं. झुलालचा निरोप आला होता. भिकुबाईला वाचता येत नाही, अक्काला इंग्रजी अक्षरांतली मराठी जुळवता येत नाही. वाचू शकणारी एकटी मावशी, आणि तिचं तोंड बंद. अक्कानं कागद पुढं केला की मराठीत लिहून द्या, मी भिकुबाईला वाचून दाखवते. मावशीनं तो कागद घेतला, पेन उचललं, आणि भिकुबाईकडे पाहिलं. भिकुबाई पिशवी छातीशी धरून विचारत होती, "मना पोऱ्यानी काय लिखं शे व माय?" मावशीनं पेन खाली ठेवलं. भिकुबाईला शेजारी ओढलं, पदर आडवा धरला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. अक्का समोर उभी होती. तिला फक्त पदराआडून मावशीचे ओठ हलताना दिसले.

पुढं धावपळ झाली. जहाज दुसऱ्याच दिवशी लागणार होतं. अक्काच्या यजमानांनी भिकुबाईला रिक्षात घातलं आणि गोदीपर्यंत पोचवायला तेही तिच्यासोबत गाडीत बसले. सगळी गल्ली स्टेशनवर गेली आणि मला फोन करायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मी अक्काला म्हटलं, धन्य आहात. पण रडू मलाच आलं होतं, ते तिनं पाहिलं आणि कप उचलून ती घरी गेली.

दिवसभर बसून मी सीडीवरून पडताळत एकेक दार पूर्ववत केलं. मुभेच्या यादीत एक ओळ वाढवली: कमलबाईला मुंबईला फोन लावायची मुभा, आणि बाकी कशाचीच नाही.

संध्याकाळी प्रतिक्रमणाची प्रार्थना आटोपून मावशी आली. गाल बसलेले, पण चाल तीच. दारातच तिनं माझ्यापुढं हात जोडले आणि म्हणाली, "हिलाल, खमत खामणा. तुझं घर मी उघडं टाकलं." माझ्याहून कितीतरी मोठी बाई माझी क्षमा मागत होती. मी यंत्राचंच बोलू लागलो. मी म्हटलं, मावशी, तुमच्या फळीवर गल्लीभरच्या किल्ल्या आहेत. कमलअक्काची किल्ली कुणी मागितली तर तुम्ही सारी फळी काढून देता का? ती हसली. म्हणाली, तुला तर एकही दिली नव्हती.

मग मी भीत भीत विचारलं की स्थानकात काय म्हणाले. तिनं चष्मा पुसला. बायका बोलल्या असणारच, आणि साध्वीजींनी काही प्रायश्चित्तही दिलं असणार. ते तिनं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मौन पुढल्या वर्षी पुन्हा धरता येतं रे. बोट थांबते का कुणासाठी?" पुढच्या वर्षी तिनं ते धरलं आणि पुरं केलं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पुढच्या रविवारी मी यंत्र तपासायला गेलो, तेव्हा भिकुबाई आली. पिशवी रिकामी होती. गोदीच्या फाटकावर झुलाल तिला दुपारभर भेटला होता. "पोऱ्या वाळी गया," एवढं सगळ्यांना सांगून ती थांबली. बायकांनी विचारलं, अजून काय म्हणाला?  भिकुबाई काउंटरमागं गेली, मावशीच्या शेजारी बसली आणि स्वतःच्या लुगड्याचा पदर आडवा धरला. मावशीनं चष्मा काढून ठेवला आणि कान पुढं केला.